सूत्राच्या तुकड्यांवर टिपा लावायच्या होत्या: एप्रिल ते जून २०२५ च्या नोंदी

हे दहावीच्या वर्गसमीकरणाच्या सूत्राबद्दल आहे, पण फिजिक्स-केमिस्ट्रीचं कुठलंही सूत्र वेब पानावर टाकून त्याच्या एकेका तुकड्याला नाव द्यायचं म्हटलं तरी भानगडी ह्याच होणार, म्हणून नोंदी टाकून ठेवतो. त्या त्या दिवशी फोनमध्ये लिहिल्या होत्या, थोड्या साफ केल्यात. भाऊजींना मी दोन शनिवार सांगितले होते. लागले नऊ आठवडे, मोजून ६८ तास, आणि त्यातले निदान २४ पाण्यात.

१२ एप्रिल, शनिवार (३ तास)

नागपुरात प्रतापनगरला भाऊजींचा क्लास आहे, दहावी गणित. फळ्यावर ते वर्गसमीकरणाचं सूत्र लिहितात, म्हणजे एक्स बरोबर, अंशात वजा बी अधिक-वजा वर्गमुळात बी वर्ग वजा चार ए सी, छेदात दोन ए. मग रंगीत खडू घेऊन वर्गमुळाच्या आतल्या भागाला गोल, गोलातून बाण, बाणाच्या टोकाशी 'विवेचक'. दुसरा खडू, दुसरा गोल. पोरांना ते बरोबर समजतं. मे महिन्यात सुट्टीची बॅच आहे आणि पोरं नोट्स फोनवरच पाहतात, तर भाऊजी म्हणाले, "दिवसभर वेबसाइटाच बनवून राहिला न तू, मग फळ्यावर करतो तेच फोनवर करून दे की."

सगळ्यात सोपं म्हणून चित्र काढलं. सूत्राचा स्क्रीनशॉट, त्यावर ड्रॉइंगच्या ॲपमधे बाण आणि नावं. दीड तासात झालं, लॅपटॉपवर झकास दिसलं, भाऊजींच्या फोनवर पाठवलं तर नावं मुंगीएवढी. झूम केलं की फुटतं. वरून मी विवेचकच्या जागी 'विवेचन' लिहून बसलो होतो, तो एक शब्द सुधारायला अख्खं चित्र परत करावं लागलं. तेव्हाच कळलं की ह्या वाटेने जायचं नाही, कारण भाऊजी दर आठवड्याला शब्द बदलणारे आहेत.

१३ आणि १४ एप्रिल (९ तास)

सोमवारी आंबेडकर जयंती, ऑफिसला सुट्टी. आम्ही लक्ष्मीनगरला राहतो, दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांची सकाळपासून वर्दळ, गाडी काढायचा प्रश्नच नव्हता, घरीच बसलो.

पानावर खरं सूत्र हवं, चित्र नको, म्हणून काटेक घेतलं. खान अकॅडमीने २०१४ ला आणलेली लायब्ररी, लाटेक ह्या गणित टाइप करायच्या भाषेसारखं लिहायचं आणि ती स्पॅनवर स्पॅन, म्हणजे पानावरचे छोटे डबे, रचून सूत्र उभं करते. मॅथजॅक्स नावाची तसलीच दुसरी लायब्ररीपण होती, आणि न दिसणाऱ्यांना सूत्र वाचून दाखवण्याच्या बाबतीत ती खूप पुढे आहे हे मान्य, पण काटेक हलकं आहे, एका दमात सूत्र लावून मोकळं होतं, आणि मला ते रोजच्या कामामुळे येतं. हेच खरं कारण.

टिपांसाठी अंडरब्रेस वापरला, म्हणजे तुकड्याखाली महिरपी कंस आणि त्याच्या पोटाखाली नाव. पाच मिनिटांत पहिली टीप लागली आणि मी ताईला म्हटलं, रात्रीपर्यंत संपवतो.

मग सुरू झालं. 'चार ए सी' हा तुकडा बोटभर, आणि त्याचं नाव 'सहगुणक आणि स्थिर पद' हातभर. नाव तुकड्यापेक्षा रुंद झालं की अंडरब्रेस आजूबाजूचं सगळं ढकलतो, सूत्राच्या मधेच खिंडार पडतं, आणि पोराला वाटेल तिथं काही राहून गेलंय. नावाची रुंदी शून्य धरायला लावणारी कमांड आहे, मॅथक्लॅप, ती लावली तर सूत्र जागेवर आलं आणि नावं एकमेकांवर चढली. दोन नावं असली तर एक वर एक खाली करून भागतं. तीनला नाही भागत.

दुसरी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांनीच जपायची. काटेककडे देवनागरीची मापं नाहीत. अक्षर दिसतं, फोनमधला जो काही देवनागरी फॉन्ट असेल तो उचलला जातो, पण त्याची उंची-खोली काटेक रोमन कॅपिटल एम एवढीच धरतं, म्हणजे अक्षराच्या पायाच्या रेषेखाली काही आहे हे त्याच्या हिशोबातच नाही. 'मुळं' लिहिलं की उकार खालच्या ओळीत घुसतो, वेलांटी कंसाला जाऊन लागते. आणि फॉन्ट प्रत्येक फोनचा वेगळा, त्यामुळे माझ्याकडे जेमतेम सुटलेलं अंतर भाऊजींच्या फोनवर सुटत नाही. नावाच्या वर एक अदृश्य उभा टेकू घालून थोडं दडपलं, पण सोमवारी रात्री ठरवलं की मराठी मजकूर सूत्राच्या आत ठेवायचाच नाही. सूत्र काटेकचं, मराठी आपल्या साध्या पानावर.

१९ एप्रिल, शनिवार (४ तास)

आत नाव नाही, तर तुकडा ओळखायचा कसा? रंगाने. तुकडा निळा, खाली निळ्या अक्षरात टीप. सोप्पं.

भाऊजींना दाखवायला गेलो, त्यांनी बघितलं आणि विचारलं, "झेरॉक्स कसं होईल?" हे माझ्या डोक्यातच नव्हतं. क्लासखाली झेरॉक्सचं दुकान आहे, ज्या पोरांकडे घरी फोन नसतो ती तिथून प्रिंट नेतात, काळी-पांढरी. तिथे निळा, हिरवा, केशरी सगळं एकाच राखाडीत. शिवाय मागच्या वर्षीच्या बॅचला एक पोरगा होता त्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नव्हतं, फळ्यावरही भाऊजी त्याच्यासाठी एक गोल तुटक रेषेचा काढायचे. म्हणजे उत्तर त्यांच्याकडे आधीपासूनच होतं आणि मी लॅपटॉपवर रंग निवडत बसलो होतो.

आता प्रत्येक तुकड्याला रंग आणि रेष दोन्ही: एक सरळ, एक तुटक, एक ठिपक्यांची, एक दुहेरी. चारच्या वर नाही. पाचवा तुकडा पाहिजे असेल तर दुसरं सूत्र काढा. रंग घेताना ओकाबे आणि इतो यांचा रंगांधळ्यांसाठीचा प्रसिद्ध संच पाहिला, एकमेकांपासून छान वेगळे दिसतात, पण त्यातला केशरी आणि आकाशी हे पांढऱ्या पानावर बारीक अक्षराला चालत नाहीत. अक्षर आणि पानाच्या उजेडात निदान साडेचारास एक असा फरक हवा असतो, केशरी त्याच्या निम्म्याच्या आसपास अडकतो. गडद निळा ठेवला, बाकीचे तीन गडद करून घेतले.

२६ एप्रिल, शनिवार (६ तास)

तुकड्याला सीएसएसचा क्लास, म्हणजे ज्यावरून रंग-रेष देता येते असं नाव, लावायला काटेकमधे एचटीएमएल-क्लास नावाची कमांड आहे. लावली. पानावर सूत्राच्या जागी कमांडचं नावच लाल अक्षरात उमटलं. स्पेलिंग पाहिलं, कंस मोजले, आवृत्ती बदलली, दोन तास गेले. कारण एवढंच की ह्या कमांडी 'ट्रस्ट' नावाची सेटिंग चालू केल्याशिवाय चालत नाहीत आणि ती मुळात बंद असते. बंद असते ते बरोबरच आहे, बाहेरच्या कोणी टाइप केलेलं सूत्र तुमच्या पानावर दाखवत असाल तर सरसकट चालू करू नका, त्या सेटिंगला फंक्शन, म्हणजे हो-नाही ठरवणारा छोटा कोड, देता येतं आणि फक्त ही एकच कमांड मंजूर करता येते. मी तसंच केलं.

एक चांगलं झालं. अंडरब्रेसमधे 'वजा चार ए सी' घातलं की वजाच्या आजूबाजूची जागा गायब व्हायची, कारण कंसात पहिलाच वजा आला की त्याला वाटतं हा वजाबाकीचा नाही, ऋण चिन्हाचा वजा आहे. आधी मोकळा कंस टाकून फसवावं लागायचं. एचटीएमएल-क्लासमधे हे होत नाही, अंतर जसंच्या तसं.

वाईट झालं ते रेषेचं. तुकड्याला खालून रेष दिली तर अंशातल्या तुकड्याची रेष अपूर्णांकाच्या दांडीला जाऊन चिकटली. वजा बी खाली ठिपके आणि लगेच दांडी, दिसायला छेद दिल्यासारखं. सीएसएसने पॅडिंग, म्हणजे भोवती मोकळी जागा, देऊन उपयोग नाही, कारण काटेकने सगळ्या उंच्या आधीच मोजून ठेवलेल्या असतात, आपण नंतर काय चिकटवलं त्याला माहीत नसतं. मग परत तोच अदृश्य टेकू, ह्या वेळी अंशात आणि अक्षरांच्या पायाच्या रेषेखाली. काटेकला वाटतं अंशात काहीतरी खोल अक्षर आहे, आणि ते दांडी खाली सरकवतं. असल्या जुगाडाची लाज वाटायची, आता नाही वाटत.

३ आणि ४ मे (१३ तास, सगळे वाया)

बाहेर ४४ डिग्री, कूलरमधे दर दोन तासांनी पाणी, आणि मी बाणांच्या मागे लागलो. भाऊजींचं म्हणणं होतं की फळ्यावर बाण असतो तर इथेही असावा, आणि मलाही ते करून बघायचंच होतं, खोटं कशाला बोलू.

कल्पना अशी की सूत्राच्या वरून एक पारदर्शक एसव्हीजीचा, म्हणजे रेघा काढायच्या चित्राचा, थर टाकायचा, प्रत्येक तुकड्याची जागा ब्राउझरला विचारायची, तिथून टिपेपर्यंत रेघ ओढायची. लॅपटॉपवर पहिल्या फटक्यात जमलं. भाचीच्या फोनवर पहिल्यांदा उघडलं तर विवेचकचा बाण अधिक-वजाच्या पोटात. परत उघडलं तर बरोबर. तिसऱ्यांदा बरोबर. ब्राउझरचा साठा साफ केला, परत चूक. सूत्राचे फॉन्ट नेटवरून यायच्या आधीच मी मोजमाप घेत होतो, फॉन्ट आले की अक्षरं हलायची आणि बाण जुन्या जागी. लॅपटॉपवर फॉन्ट आधीच साठवलेले म्हणून तिथे कधी दिसलंच नाही. फॉन्ट तयार झाले की मगच मोज असं ब्राउझरला सांगता येतं, ते केलं.

मग कळलं की मोजलेलं मापच खोटं आहे. अख्ख्या वर्गमुळाला क्लास लावला, त्याची चौकट मागितली, तर मधली एक पट्टी मिळाली, एका ओळीच्या अक्षराएवढी. ओळीतल्या स्पॅनची चौकट त्याच्या स्वतःच्या फॉन्टएवढीच असते, आतलं पोरगं, म्हणजे आतला स्पॅन, वर कितीही उंच वाढलेलं असो. पार्श्वभूमीला रंग देऊन पाहा, बी वर्गाचा घात बाहेर लटकलेला दिसेल. म्हणून आतल्या सगळ्या पोरांच्या चौकटी घेऊन मिळून मोठी चौकट काढली, तर ती अवाढव्य. काटेक रचना करायला आत उभे अदृश्य खांब ठेवतं, तेही मोजले गेले. ज्याची रुंदी शून्य ते वगळ, असं केल्यावर चौकट बसली. हे एवढं एक ह्या दोन दिवसांतून कामाला आलं, पुढे तुकड्यामागे फिका रंग भरायला हेच वापरलं.

रविवारी दुपारी लाइट गेली, तासभर अंधार आणि घाम. आल्यावर फोन आडवा करून पाहिला. बाण जुन्या जागी. तेही सुधारलं. मग बारीक फोनवर सूत्र आणि टिपा मिळून रुंदीत मावेनात, म्हणून सूत्राला आडवा स्क्रोल दिला, तर सूत्र सरकतं आणि बाण तिथेच लोंबकळत. थर स्क्रोलच्या आत घातला, तर वरच्या टिपा कापल्या गेल्या, कारण आडवा स्क्रोल दिला की उभ्या दिशेलाही ब्राउझर मोकळं सोडत नाही. आणि शेवटी ताईने फोनमधलं अक्षर मोठं करून ठेवलंय, तिच्याकडे उघडलं तर बाणांचं नुसतं शेवयांचं भांडं.

सगळं काढून टाकलं. रात्री भाऊजींना फोन केला, म्हटलं बाण होत नाहीत. ते म्हणाले, "बरं." एवढंच. तेरा तासांनंतर 'बरं'.

१० मे, शनिवार (६ तास)

आज जे समजलं ते पहिल्या दिवशी समजायला पाहिजे होतं.

भाऊजी शिकवताना म्हणतात, ह्या सूत्रात दोन गोष्टी लपल्यात: वजा बी छेद दोन ए हा दोन्ही मुळांचा बरोबर मध्य, आणि वर्गमूळ छेद दोन ए म्हणजे मध्यापासून प्रत्येक मूळ किती लांब. एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा घ्या. मध्य अडीच, लांबी अर्धा, म्हणून मुळं दोन आणि तीन. ते म्हणाले, "मला तो मध्य दाखवायचा आहे, तेवढ्याला रंग दे."

तेवढ्याला म्हणजे कशाला? अंशातला वजा बी आणि छेदातला दोन ए. पानाच्या दृष्टीने अंश एक डबा, छेद दुसरा डबा, आणि दोघांना धरणारा डबा म्हणजे अख्खा अपूर्णांक, ज्यात वर्गमूळही आलं. 'वजा बी छेद दोन ए' नावाचा डबा त्या सूत्रात अस्तित्वातच नाही. फळ्यावर खडूला हे माहीत नसतं, तो हवं तिथून वळसा घालतो.

आधी दोन्ही तुकड्यांना एकच क्लास दिला, दाबलं की दोन्ही उजळतात. चाललं. मग लांबी दाखवायला गेलो तर त्यातही छेदातला दोन ए हवा, म्हणजे एकाच दोन ए ला दोन रंग आणि दोन प्रकारच्या रेषा. अर्धा असा अर्धा तसा रंगवून पाहिला, होळीला पोरं रंगवतात तसा दिसला.

तीन तास झटापट करून भाऊजींकडे गेलो, गोकुळपेठेतून पोहे घेऊन, वर भरपूर तर्री. खाता खाता त्यांनी वहीवर सूत्र तोडून लिहिलं, वजा बी छेद दोन ए, अधिक-वजा, वर्गमूळ छेद दोन ए. दोन वेगळे अपूर्णांक. "असं लिहिलं तर?" असं लिहिलं तर दोन डबे आपोआप मिळतात, रंगाला काही अडचणच नाही. माझी एकच शंका होती की पुस्तकातलं सूत्र बदललं तर पोरं गोंधळतील. तर आता आधी पुस्तकातलं एकसंध सूत्र दिसतं, खाली बटण आहे 'तोडून पाहा', दाबलं की तोडलेलं येतं आणि मध्य-लांबीच्या टिपा फक्त तिथेच. एकसंध सूत्रावर फक्त विवेचक, अधिक-वजा आणि छेद.

तेव्हापासून कुठलंही सूत्र घेतलं की मी आधी विचारतो, हा तुकडा ह्या सूत्रात एका डब्यात येतो का? येत नसेल तर रंग शोधत बसत नाही, सूत्र वेगळं लिहून पाहतो.

१७ मे, शनिवार (७ तास)

तुकड्याला दाबलं की टीप, असं केलं होतं. माउसने मस्त. भाची आठवीत आहे, तिला फोन दिला आणि म्हटलं बी च्या डोक्यावरचा दोन दाब. तिने पाच वेळा दाबलं, चार वेळा बी लागला.

हिशोब केला. पानाचं अक्षर १६ पिक्सेल, काटेक सूत्र त्याच्या १.२१ पट करतं, म्हणजे १९ च्या थोडं वर. घात त्याच्या ७० टक्के, साडेतेरा. बोटाने दाबायची जागा निदान २४ बाय २४ असावी असं वेबच्या सुलभतेच्या नियमांची २.२ आवृत्ती सांगते, आणि ४४ असेल तर उत्तम. घातातला दोन उंचीला साडेतेरा आणि रुंदीला त्याहून कमी. अदृश्य जागा वाढवली तर ती शेजारच्या बी वर चढते. सूत्र दुप्पट मोठं केलं तर अरुंद फोनवर मावत नाही.

म्हणून दाबायचं काम सूत्राकडून काढून घेतलं. सूत्राखाली चार मोठी बटणं, 'विवेचक', 'अधिक-वजा', 'छेद', 'तोडून पाहा'. बटण दाबलं की वरचा तुकडा उजळतो. सूत्रावर बोट पडलंच तरी चालतं, जो तुकडा जवळ असेल तो लागतो, पण कोणी त्यावर अवलंबून नाही. बटणाच्या डाव्या टोकाला तीच रेष काढली, सरळ किंवा तुटक, म्हणजे झेरॉक्सवरही जोडी लागते.

टीप तरंगत्या खिडकीत दाखवत होतो. ती बरोबर त्या तुकड्यावरच येऊन बसायची, म्हणजे ज्याबद्दल वाचायचं तेच झाकलेलं. खिडकी काढली, बटणांखाली दोन ओळींची पक्की पट्टी ठेवली. मजकूर बदलतो, पट्टी हलत नाही. ह्याच्यात दोन तास गेले कारण मला तरंगती खिडकी आवडली होती.

२४ मे, शनिवार (५ तास)

आज डोळे मिटून वापरून पाहिलं, फोनमधलं बोलून दाखवणारं टॉकबॅक चालू करून. काटेक दोन प्रती बनवतं: डोळ्यांना दिसणारी, जी वाचकयंत्रापासून लपवलेली असते, आणि मॅथएमएल ह्या ब्राउझरच्या सूत्रांसाठीच्या भाषेतली, जी डोळ्यांपासून लपवलेली असते. माझे क्लास, रंग, रेषा सगळे पहिल्या प्रतीत, म्हणजे ऐकणाऱ्यासाठी टिपा नव्हत्याच. सुदैवाने गेल्या शनिवारी बटणं बाहेर काढली होती, ती वाचली जातात, आणि पट्टी बदलली की तीही वाचली जाते. तुकडेच दाबायचे ठेवले असते तर लपवलेल्या भागात बटणं झाली असती.

सूत्राचं वाक्य मी हाताने मराठीत लिहून दिलं, आणि तिथे पहिल्याच वाक्यात अडकलो. "वर्गमूळ बी वर्ग वजा चार ए सी भागिले दोन ए." वर्गमूळ कुठे संपलं? भागिले दोन ए कशाला लागू, फक्त वर्गमुळाला की सगळ्याला? भाऊजींना विचारलं, ते फळ्यासमोर कसं बोलतात. ते म्हणाले मी हात फिरवतो. शेवटी असं ठेवलं: "अंशात: वजा बी, अधिक किंवा वजा, वर्गमूळ सुरू, बी वर्ग वजा चार ए सी, वर्गमूळ संपलं. संपूर्ण अंशाला भागिले दोन ए." ऐकायला कंटाळवाणं आहे, पण चुकीचं नाही.

१ जून, रविवार (६ तास)

काटेक सोडून सरळ मॅथएमएल लिहिलं तर काय, म्हणून एक दिवस दिला. ही भाषा १९९८ पासून आहे, क्रोममधे मात्र २०१३ ला एकदा येऊन काढली गेली आणि परत आली ती थेट जानेवारी २०२३ ला, १०९ व्या आवृत्तीत. सूत्र पानाचाच भाग होतं, तुकड्याला क्लास साध्या टॅगसारखा लागतो, पार्श्वभूमी बरोबर अख्ख्या तुकड्यामागे भरते, चौकटीच्या जागी मधलीच पट्टी मिळायचा प्रॉब्लेम नाही, दोन प्रतींची भानगड नाही. खूप आवडलं.

सोडलं का? वर्गमुळाचं चिन्ह नीट ताणायला गणिताची मापं आत असलेला फॉन्ट लागतो, फोनमधे तो असेलच असं नाही, म्हणून सोबत पाठवावा लागतो. आणि भाऊजींच्या बॅचमधे घरातले जुने फोन आहेत, ब्राउझर कित्येक वर्षं अपडेट नाही, त्यातल्या एकावर अपूर्णांक चक्क एका ओळीत आला, अंश आणि छेद शेजारी शेजारी, मधे काहीच नाही. म्हणजे चुकीचं गणित. काटेकवरच राहिलो. पुढच्या वर्षी परत बघू.

८ जून, रविवार (४ तास)

क्लासमधे पोरांना दिलं. अकरा जण, सात फोन. मी मागे बसून बघत होतो.

पहिल्या मिनिटात सगळ्यांनी सगळी बटणं दाबून संपवली, टीप कोणीच वाचली नाही. मग भाऊजींनी फळ्यावर एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा लिहिलं आणि सोडवा म्हणाले, तेव्हा फोन परत उघडले. एका पोरीने विचारलं, "सर, ह्याच्यात आकडे नाही टाकता येत का? विवेचक म्हणजे इथे कोणता?" तिची वही पाहिली, तिने वजा बी च्या जागी वजा पाच लिहिलं होतं. बी स्वतःच वजा पाच आहे, म्हणून वजा बी म्हणजे अधिक पाच. भाऊजी म्हणाले ही चूक दरवर्षी अर्धी बॅच करते.

विवेचकाचा अर्थ तिला पाठ होता. अडलं होतं ते अक्षराच्या जागी आकडा बसवताना. दोन महिने मी अक्षरांना नावं देत बसलो आणि गाडी अडत होती आकड्यांपाशी.

१५ जून, रविवार (५ तास)

सूत्राखाली दुसरी ओळ घातली, तेच सूत्र आकडे भरून, तेच क्लास, तेच रंग आणि रेषा. वजा बी च्या जागी वजा, कंसात वजा पाच. विवेचकचं बटण दाबलं की वर बी वर्ग वजा चार ए सी उजळतं आणि खाली पंचवीस वजा चोवीस. क्लास आधीच लावलेले होते म्हणून हे दोन तासांत झालं.

तिसऱ्या ओळीत सोपं रूप द्यायला गेलो आणि परत अडलो. पंचवीस वजा चोवीस बरोबर एक. आता ह्या एकला कोणता रंग? 'चार ए सी' ला बटण नव्हतं, पण वेगळी तुटक रेष होती, ती चोवीसपर्यंत टिकली, आणि एकमधे विरघळली. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, बाहेरच्या डब्याचा रंग दे, आतलं गेलं ते गेलं. तसं केलं: हिशोबात दोन तुकडे मिळाले की नव्या आकड्याला त्यांना धरणाऱ्या डब्याची रेष. हा नियम मी हाताने पाळतोय, प्रत्येक उदाहरणाला स्वतः क्लास लावून, आणि आतापर्यंत सहा उदाहरणं झालीत. एका उदाहरणाला साधारण २० मिनिटं.

खर्च: होस्टिंगला काही नाही, तपासणीच्या झेरॉक्स प्रिंटांचे ३४० रुपये, पोहे वेगळे.

राहिलेलं: ताईच्या मोठ्या अक्षराच्या फोनवर तोडलेलं सूत्र अजून दोन बोटं बाहेर जातं. आणि विवेचक ऋण आला तर दुसऱ्या ओळीत वर्गमुळात वजा संख्या दिसते, तिथे पट्टीत काय लिहायचं ते भाऊजींनी अजून पाठवलेलं नाही. विदर्भात शाळा उघडायला आठवडा आहे, तोवर पाठवतो म्हणालेत.